इंदूरच्या आमच्या नमकीनच्या दुकानात व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरींसाठी एआय एजंट बनवावा का?

एजंट, म्हणजे पुढची पायरी स्वतःच ठरवणारा एआय, कशाला? ऑर्डर वाचा, भाव लावा, बिल पाठवा: पायऱ्या ठरलेल्याच आहेत, साधा वर्कफ्लो, म्हणजे ठरल्या क्रमाने चालणारा प्रोग्राम, पुरेल. पुढची पायरी आधी सांगताच येत नसेल तेव्हा एजंटचा विचार करा.

त्यात मॉडेलला, म्हणजे मेसेज वाचणाऱ्या एआयला, एकच काम द्या. ‘आधा किलो लौंग सेव, डेढ पाव मिक्चर, राजवाड्यापाशी पोचवा’ या आपल्या इंदुरी खिचडीतून माल, वजन, पत्ता काढून ठरावीक जेसॉनमध्ये (कोडला वाचता येईल अशा नाव-किंमत मांडणीत) देणं. भाव आणि बेरीज कोडकडेच ठेवा. मॉडेल हिशोब चुकवतं, तेही छातीठोकपणे. वजन लिहिलेलं नसेल तर अंदाज नको, गिऱ्हाइकाला विचारू दे. पैसे परत करायचे तर माणसाची मंजुरी हवीच.

प्रॉम्प्ट (मॉडेलला लिहून दिलेल्या सूचना) बदलला की जुने मेसेज पुन्हा चालवून बघा. डेढ पावाचे ३७५ ग्रॅमच होतायत ना, ते तिथेच कळतं.