टायगर मॉथची टाकी पूर्ण भरूनही गेज पूर्ण का दाखवत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एफएसएक्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ या विमान उडवण्याच्या संगणक-खेळात, टायगर मॉथ या जुन्या दुपंखी विमानाची टाकी शंभर टक्के भरली तरी इंधनाचं गेज ऐंशीच्या आसपास अडकतं, आणि विमान अपेक्षेपेक्षा लवकर कोरडं पडतं. बहुतेक दोन्हींचं मूळ एकच आहे, आणि ते गेजमध्ये नाही.

मीही आधी गेजच्याच मागे लागलो होतो. सिम्युलेटरमध्ये इंदूरहून भोपाळला जाऊन परत येताना देवास ओलांडलं आणि पंखा थांबला. सोयाबीनच्या शेतात उतरलो. मग इंजिनाच्या इंधन-खपाचा आकडा कमी करून पाहिला. म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तो आकडा तुम्हीही बदलला असेल तर आधी पूर्ववत करा.

आता विमानाच्या फोल्डरमधली एअरक्राफ्ट डॉट सीएफजी ही सेटिंग्जची फाइल उघडा (आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा) आणि फ्युएलचा विभाग शोधा. मायक्रोसॉफ्टच्या 2020च्या सिम्युलेटरमध्ये हाच विभाग फ्लाइट मॉडेल डॉट सीएफजीत गेला आहे. मॉथला एकच टाकी, म्हणून ‘सेंटर-वन’ची एकच ओळ भरलेली दिसेल. तिच्यात पाच आकडे असतात. पहिले तीन टाकीची जागा सांगतात: पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली, सगळं फुटांत. चौथा आकडा क्षमतेचा. तिथे 19 लिहिलेलं असेल, तर चोर सापडला.

मॉथची टाकी 19 गॅलनची हे खरंच आहे, पण ते ब्रिटिश गॅलन. सिम्युलेटर अमेरिकन गॅलन मोजतो. ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा, अमेरिकन 3.785चा. म्हणजे टाकीत 86 लिटर मावायला हवं तिथे तुम्ही जेमतेम 72 भरताय. त्या जागी 22.8 लिहा. गेज ज्याने बनवलं त्याने बहुधा 22.8 हीच पूर्ण टाकी धरली होती. 19ला 22.8ने भागून बघा, 83 टक्के येतात. तुमचं गेज अडकतं ते साधारण तिथेच.

पाचवा आकडा वापरता न येणाऱ्या इंधनाचा. आमच्या गच्चीवरच्या टाकीचा नळ तळापासून चार बोटं वर बसवलाय, तेवढं नर्मदेचं पाणी घरात कधीच येत नाही. तसंच हे. दुसऱ्या विमानाची ओळ उचलून चिकटवली असेल तर हा आकडा हमखास चुकीचा असतो, आणि टाकीची जागाही. मॉथची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, डोक्याच्या वर असते; वर-खालीचा आकडा शून्य असेल तर संशय घ्या. पुढे-मागेचा चुकला तर इंधन संपत जाईल तसतसं नाक उचलायला किंवा झुकायला लागतं, आणि माणूस उगीच ट्रिमला (नाक समतोल ठेवणाऱ्या यंत्रणेला) शिव्या घालतो.

एवढं करूनही मधल्या खुणा चुकत असतील तरच गेज ज्या एक्सएमएल फाइलीत लिहिलेलं असतं तिच्यात शिरा. खऱ्या मॉथला डॅशबोर्डवर काटा नसतोच. टाकीच्या डोक्यावर काचेच्या नळीत तरंगणारा दर्शक असतो, पायलट मान वर करून बघतो. टाकी पंखाच्या आकाराची असल्यामुळे निम्मं इंधन म्हणजे निम्मी उंची असं नसतं. म्हणून विमान धावपट्टीवर उभं करा, इंधनाच्या मेन्यूतून 0, 25, 50, 75, 100 टक्के भरा, दर वेळी गेज काय दाखवतं ते कागदावर लिहा, आणि ‘नॉनलिनिअरिटी’च्या तक्त्यात, म्हणजे किती इंधनाला काटा कुठे हवा ते जिथे लिहिलेलं असतं तिथे, त्या पाच जोड्या दुरुस्त करा. शून्याची खूण मात्र वापरता येणारं इंधन संपतं तिथे ठेवा. खऱ्या विमानांतही, सरळ उड्डाणात, गेजचं शून्य तिथेच लावतात.

बदल केल्यावर विमान नव्याने लोड करा. जुनी सेव्ह केलेली फ्लाइट उघडू नका, तिच्यात इंधनाचा जुनाच हिशेब साठवलेला असतो. माझा एक अख्खा रविवार त्यात गेला. नंतर तीच भोपाळची फेरी पुन्हा मारली, तर इंदूरला उतरलो तेव्हा टाकीत थोडं इंधन उरलं होतं.