पाणी ‘आटलं’ आणि ‘बाष्पीभवन झालं’, एकच का?

जुळे सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय. पोरगी पाचवीत आहे, परिसर अभ्यासच्या चाचणीत प्रश्न आला होता, बशीत ठेवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी दिसत नाही, असं का होतं? पोरीनं लिहिलं ‘कारण ते आटलं’. अर्धा मार्क गेला आणि लाल पेनानं शेजारी लिहून आलं ‘बाष्पीभवन झाले’. ताईंचं म्हणणं असं की आम्ही घरात सगळे आटलंच म्हणतो, मग ते चूक कसं, बाष्पीभवन म्हणजे आटणंच ना?

नाही ताई, एकच नाहीत. आटणं म्हणजे साठा कमी होत जाणं, भांड्यातला असो, विहिरीतला असो. तो कुठं गेला, कशानं गेला, हे त्या शब्दात येतच नाही. बाष्पीभवन हे जाण्याच्या एका वाटेचं नाव आहे, पाण्याची वाफ होऊन ते हवेत मिसळणं. प्रश्न होता ‘का’ आणि पोरीनं सांगितलं ‘काय झालं’, म्हणून अर्धा मार्क गेला असणार. पण शब्द तिनं अगदी नेमका उचललाय, आणि तो खोडायला नको होता असं मला मनापासून वाटतं.

आपलं उजनी धरणच घ्या की. एप्रिल-मे आला की पेपरात सुरू होतं, उजनी मायनसमध्ये गेली. धरणात एकूण साधारण ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी धरतात, त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे वरचा उपयुक्त साठा संपला की शून्य आणि त्याच्या खाली मोजायचं ते मायनस (लहान पोरं विचारतात पाणी मायनस कसं असेल, त्यांना हे सांगा, लगेच कळतं). आता उजनी आटायलीय असं आपण म्हणतो तेव्हा त्यात कालव्याला सोडलेलं आलं, भीमेत सोडलेलं आलं, पाणीपुरवठ्याला उचललेलं आलं आणि उन्हानं उडून गेलेलंपण आलं. धरणाच्या रोजच्या हिशेबात बाष्पीभवनाचा आकडा वेगळा लिहितात, बाकीच्या खर्चाच्या शेजारी. म्हणजे बघा, आटणं ही सगळी बेरीज आणि बाष्पीभवन ही त्यातली एक रक्कम. मला तरी यापेक्षा सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

आणि आटायला पाणीच लागतं असंही नाही. गाभण म्हैस दूध आटवते, म्हातारपणी माणसाची माया आटते, सोनार जुने दागिने आटवतो तेव्हा तर सोनं वितळतं, हवेत काहीच जात नाही. विहीर आटते ती बहुतेक वेळा खालचे झरे बंद झाले म्हणून किंवा शेजारी बोअर पाडलं म्हणून, वरून उडून जाणारं पाणी त्यात थोडंच. उलट बासुंदीला दूध आटवतो तेव्हा जे जातं ते पाणी, वाफ होऊनच जातं, पण आपण पाणी आटलं म्हणत नाही, दूध आटलं म्हणतो, कारण नजर पातेल्यात मागं काय राहिलं यावर असते. हीच या शब्दाची खूण आहे, आटणं मागं राहिलेल्याकडं बघतं आणि बाष्पीभवन निघून गेलेल्याकडं.

मग वाळणं? गच्चीवर टॉवेल टाकला, सोलापूरच्या मे महिन्यात पाऊण तासात कडक. टॉवेल वाळला म्हणतो, आटला कुणीच म्हणत नाही, पोरंसुद्धा चुकत नाहीत. फरशी पुसली की पाणी वाळतं, हौदातलं पाणी आटतं. साठा असेल तर आटणं, नुसती ओल असेल तर वाळणं किंवा सुकणं. तिन्हीकडं विज्ञान एकच, पाण्याचे कण पृष्ठभागावरून सुटून हवेत जातात, पण भाषेनं तिथं वेगवेगळी क्रियापदं ठेवलीत कारण आपल्या कामाच्या दृष्टीनं त्या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि त्याला उकळायला लागत नाही हेपण पोरांना सांगायला पाहिजे, बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलेलं असतं की वाफ म्हणजे गॅस पेटवल्यावरच. टॉवेलला कुणी उकळलंय?

खाली जाणाऱ्या पाण्याचे शब्द तर अजून भारी. आमचं रान मोहोळ तालुक्यात, काळं, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस सरळ त्या भेगांतनं खाली उतरतो, आजी म्हणायची रानानं पाणी पिलं. नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी वर तुंबतं, हळूहळू खाली जातं. या जाण्याला म्हणायचं जिरणं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे, आणि जिरणं हा शब्द संस्कृतातल्या ‘जॄ’ धातूवरनं आलेला, जीर्ण आणि अजीर्णच्या कुळातला, म्हणजे अन्न जिरतं तसं पाणी जिरतं, आजी जे बोलायची तेच भाषेत आधीपासून बसलेलं आहे. मुरणं जरा वेगळं. मुरायला वेळ लागतो आणि मुरलेली गोष्ट आत शिल्लक असते, लोणच्यात मीठ मुरतं तसं. पावसाळा सरता सरता पेरलेली आपली ज्वारी नंतर फारसा पाऊस नसतानाही येते ती या मुरलेल्या ओलीवर. पाणी कुठंतरी मुरतंय हा वाक्प्रचारपण तिथलाच, दिसत नाही पण आत आहे. आणि पाझरणं म्हणजे बारीक छिद्रांतनं थेंबाथेंबानं बाहेर येणं. वाफसा हा शब्द (काही जण वापसा लिहितात) शहरातल्या पोरांना माहीतच नसतो, पाऊस उघडल्यावर जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताची झाली, पायाला चिखल लागत नाही पण ढेकूळ हातात घेतलं तर ओलसर, ती पेरणीजोगी अवस्था. एका शब्दात मातीचा अख्खा धडा आहे तो, पुस्तकात चौकटीत छापावा असा.

सोलापुरात राहतो म्हणून शेजारच्या भाषापण कानावर पडतात. कन्नडमध्ये तळं आटलं तर ‘बत्तु’ आणि कपडे वाळले तर ‘ओणगु’, म्हणजे आपल्यासारखेच दोन शब्द वेगळे. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्यांकडं पाणी जमिनीत जिरण्याला ‘इंकु’ आहे, शोषखड्ड्याला ते ‘इंकुडु गुंता’ म्हणतात. वर्गात या तिन्ही भाषांची पोरं शेजारी बसतात, त्यांना विचारा तुमच्या घरी काय म्हणतात, वर गेलेलं पाणी आणि खाली गेलेलं पाणी यातला फरक पाच मिनिटांत पक्का होईल.

आता बाष्प. हा शब्द पोरांना परका वाटतो पण तो आपल्या वाफेचाच मोठा भाऊ, संस्कृत बाष्प, प्राकृतात बप्फ आणि मराठीत वाफ. मूळ शब्द एकच असला तरी आज दोन्ही हाताशी आहेत ही सोय आहे, कारण विज्ञानाला इथं खरंच दोन शब्द लागतात. चहाचं पाणी किटलीत उकळताना तोटीकडं नीट बघा. तोटीला लागून बोटभर जागा रिकामी दिसते आणि मग पुढं पांढरा लोट सुरू होतो. त्या रिकाम्या जागेत बाष्प आहे, ते डोळ्याला दिसत नाही. पांढरं जे दिसतं ते गार होऊन परत पाण्याचे बारीक थेंब झालेले असतात, आपण त्यालाच वाफ म्हणतो. घरात वाफच म्हणा, काही बिघडत नाही, वहीत न दिसणाऱ्याला बाष्प लिहा.

माठात तर हे सगळं एकदम चालू असतं. पाणी मातीतनं पाझरतं, बाहेरच्या अंगाला ओल येते, ती उडून जाते, उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जाते म्हणून आतलं पाणी गार, आणि सकाळी बघावं तर माठ चार बोटं आटलेला. आपल्याकडची हवा कोरडी म्हणून आपला माठ कोकणातल्यापेक्षा जास्त गार पडतो, तिथल्या दमट हवेत पाणी तेवढं पटकन उडत नाही.

तर ताई, पोरीला उत्तर असं लिहायला सांगा: ‘बशीतल्या पाण्याचं बाष्पीभवन झालं म्हणून ते आटलं.’ आणि बाईंनी उद्या विचारलं की ते जमिनीत जिरलं नाही कशावरून, तर तिनं सांगावं की बशी चिनी मातीची आहे, गुळगुळीत, झिलई दिलेली, खाली जायला वाटच नाही. घरी दोन वाट्या ठेवून बघा, दोन्हीत सारखं पाणी, एकीवर ताटली झाकायची आणि एक उघडी. उघडीतलं दुसऱ्या दिवशी कमी झालेलं दिसेल, झाकलेलीतलं जवळजवळ तेवढंच राहील, आणि ताटली उचलली तर आतल्या बाजूला बारीक थेंब धरलेले असतील. ते थेंब पोरीला बोटानं पुसायला लावा.