गिधाडांवरचे शोधनिबंध कसे शोधावेत?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकते. ‘भारतातील गिधाडांची संख्या का घटली?’ या विषयावर निबंध लिहायचा असून, त्यासाठी मूळ शोधनिबंध वाचावेत अशी सरांची अट आहे. हाच प्रश्न इंग्रजीत पबमेडवर (वैद्यकीय व जीवशास्त्रीय निबंधांच्या नोंदींच्या डेटाबेसवर) टाकला तर हाती फारसे लागत नाही आणि गूगल स्कॉलर या शोधयंत्रावर नोंदींचा ढीग येतो. शिवाय कामाचे वाटणारे निबंध उघडायला पैसे मागतात. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पबमेडसारखा डेटाबेस वाक्याचा आशय समजून घेत नाही, तो मुख्यतः शब्द जुळवून पाहतो. म्हणून आधी प्रश्नाचे तुकडे करावेत : कोणता जीव, काय घडले, कशामुळे आणि कुठे. मग प्रत्येक तुकड्यासाठी अभ्यासक वापरतात ते पर्यायी शब्द लिहून काढावेत. एका तुकड्यातील पर्याय ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवावेत आणि असे कंस एकमेकांना ‘अँड’ने जोडावेत, पबमेडमध्ये हे दोन्ही शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांतच लिहावे लागतात.

गिधाडांच्या बाबतीत पर्यायी शब्दांना विशेष महत्त्व आहे. ‘व्हल्चर’सोबत ‘जिप्स’ हे प्रजातीचे नाव घ्यावेच, कारण इंग्रजी नावे बदलत गेली आहेत. जुन्या लेखनात ‘लाँग-बिल्ड व्हल्चर’ या एकाच नावाखाली येणाऱ्या पक्ष्यांच्या आता जिप्स इंडिकस आणि जिप्स टेन्युइरोस्ट्रिस अशा दोन जाती मानल्या जातात. स्थळवाचक शब्द मात्र पहिल्या शोधात घालू नये. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे दाखवणारा सर्वांत महत्त्वाचा शोधनिबंध २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, पण तो अभ्यास पाकिस्तानात झाला होता आणि शीर्षकातही त्याच देशाचे नाव आहे. केवळ शीर्षके चाळणारा विद्यार्थी, आपला विषय भारताचा आहे म्हणून, नेमका हाच निबंध बाजूला ठेवील. सारांश वाचल्याशिवाय कोणतीही नोंद टाकून देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

असा एक भक्कम निबंध मिळाला की शब्द बदलत बसण्यापेक्षा त्याच्याच आधाराने पुढे जाणे अधिक फलदायी ठरते. त्याच्या संदर्भसूचीतून मागे जावे, म्हणजे राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी झाल्याची विभु प्रकाश यांनी १९९९ मध्ये ‘जर्नल ऑफ द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त केलेली नोंद भेटेल. पबमेडचा भर वैद्यकशास्त्रावर असल्याने असे क्षेत्रीय अभ्यास केवळ तिथे शोधून चालत नाही. गूगल स्कॉलरवर त्याच निबंधाखालील ‘साइटेड बाय’वर क्लिक केले की त्याचा संदर्भ देणारे नंतरचे लेखन दिसते. एक टक्क्याहूनही कमी मृत जनावरांत घातक प्रमाणात डायक्लोफिनॅक असले तरी एवढी घट होऊ शकते, हे गणित २००४ मध्येच ‘जर्नल ऑफ अप्लाइड इकॉलॉजी’त मांडले गेले. मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय असल्याचा २००६ चा निबंध ‘प्लॉस बायॉलॉजी’त आहे. भारतात डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर त्याच वर्षी बंदी आली, त्यामुळे निबंधात हे दोन्ही शेजारी मांडता येतील.

आता पैशांविषयी. ‘प्लॉस’ची नियतकालिके सर्वांना मोफत खुली आहेत, पबमेड सेंट्रल या पबमेडहून वेगळ्या, मोफत संग्रहात निबंधांचा पूर्ण मजकूर मिळतो आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे अनेक जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत वाचता येतात. उरलेल्यांसाठी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटावे. महाविद्यालय इन्फ्लिबनेट या संस्थेच्या ‘एन-लिस्ट’ या महाविद्यालयांना ई-नियतकालिके पुरवणाऱ्या योजनेचे सभासद असेल तर ते तुम्हाला लॉगिन मिळवून देतील, संस्था सरकारी असेल तर २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या नियतकालिकांच्या सामाईक वर्गणीच्या केंद्रीय योजनेविषयीही विचारावे. तरीही एखादा निबंध अडला, तर सारांशाच्या पानावर दिलेल्या लेखकाच्या ईमेलवर नम्रपणे प्रत मागावी. बरेच संशोधक ती आनंदाने पाठवतात.