चाल माझी, पैसे माझे, मग गाण्याचा मालक ‘प्रोड्यूसर’ कसा?

प्रश्न : मी औसा तालुक्यात राहतो. आराधी वळणाचं देवीचं एक गाणं लिहिलं, चालही बांधली. ती गुणगुणून बाहेरगावच्या एका म्युझिक प्रोड्यूसरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. २५,००० रुपयांत ठरलं, १५,००० यूपीआयनं दिले, कागद काहीच केला नाही. लातूरच्या स्टुडिओत गाऊन माझा आवाज त्याला पाठवला. त्यानं फक्त एमपी३ दिली. सुट्या ट्रॅकचे (म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फाइलींचे) वेगळे २०,००० मागतोय. वर ‘संगीत व निर्मिती’ म्हणून स्वतःचं नाव घालून गाणं त्याच्या यूट्यूब चॅनलवर टाकलंय. मी माझ्या चॅनलवर टाकलं तर क्लेम आला, म्हणजे हे गाणं दुसऱ्याचं असल्याचा यूट्यूबवरचा दावा. म्हणतो, ‘प्रोड्यूसर मी, म्हणजे मालक मीच.’ नवरात्र तोंडावर आहे, काय करू?

उत्तर : स्टुडिओतला ‘प्रोड्यूसर’ म्हणजे वाद्यं बसवणारा, मिक्सिंग करणारा माणूस. कायद्यातला ‘प्रोड्यूसर’ निराळा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम २(यूयू) प्रमाणे ज्यानं पुढाकार घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर ध्वनिमुद्रण घडवून आणलं, तो निर्माता. आणि ध्वनिमुद्रणाचा पहिला हक्क त्याचा. गाणं करायचं तुम्ही ठरवलंत, आवाज तुम्ही दिलात, पैसा तुम्ही घातलात. तुमची बाजू इथं भक्कम आहे.

शब्दांचे लेखक तुम्हीच. चाल फक्त गुणगुणलेली आहे, नोटेशन नाही, म्हणून बिचकू नका. पूर्वी संगीतकृती लिहून काढलेली असावी लागे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर ती अट गेली. मात्र ‘आई राजा उदो उदो’चा गजर किंवा परंपरेनं चालत आलेलं वळण तुमचंही नाही आणि त्याचंही नाही. हक्क सांगायचा तो तुम्ही नव्यानं रचलेल्या भागावर.

आता कच्चा दुवा. मधले म्युझिक पीस आणि सुरुवातीची धून त्यानं स्वतः रचली असेल, तर तेवढ्या संगीताचा लेखक तो. पैसे दिले म्हणजे हक्क आला, हा समज इथं नडतो. कलम १७ नुसार पगारी नोकरानं नोकरीत केलेलं काम मालकाचं होतं. पैसे देऊन करवून घेतलेला फोटो किंवा चित्रपटही करवून घेणाऱ्याचा होतो. त्या यादीत संगीत नाही. कंत्राटी माणसाकडून हक्क घ्यायचा तर कलम १९ प्रमाणे त्याच्या सहीचा लेखी कागद लागतो. तो नसल्यानं त्या तुकड्यांबाबत फार तर ‘वापरायची परवानगी मिळाली होती’ एवढंच तुम्हाला म्हणता येईल.

आज संध्याकाळच्या आत लातूरच्या स्टुडिओतून तुमच्या आवाजाच्या मूळ वेव्ह फाइली (एमपी३सारखा दर्जा न घटवलेल्या) घेऊन ठेवा. नवरात्र गाठायचं तर माझ्या मते खरा रस्ता हाच: त्याच आवाजावर दुसऱ्याकडून नवी वाद्यं बसवून घ्या, पण पहिल्याचे म्युझिक पीस उचलू नका. सुट्या ट्रॅकसाठी भांडणात महिना घालवणं मला पटत नाही. चॅटमध्ये त्यांचा उल्लेखच नसेल, तर ‘दर तयार गाण्याचा होता’ असं तो म्हणेल आणि ते अगदीच खोटं ठरणार नाही. २४ बिटची मास्टर वेव्ह फाइल आणि आवाजाविना ट्रॅक एवढं मात्र सोडू नका.

क्लेम नेमका कुणाचा, ते यूट्यूब स्टुडिओत उघडून वाचा. तिथं भलत्याच कंपनीचं किंवा गाण्याचं नाव दिसलं, तर गडी बहुधा संबळ-झांजेचे तयार लूप (आधीच वाजवून ठेवलेले, पुन्हापुन्हा जोडता येणारे तुकडे) वापरून मोकळा झालाय. असे लूप अनेकांना विकले जातात. मग लूपचा परवाना त्याच्याकडून मागवा. क्लेम त्याचाच असेल तर हरकत नोंदवा. उत्तराला त्याला ३० दिवस मिळतात. क्लेम आल्यापासून पाच दिवसांत हरकत घेतलीत, तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते. हरकतीत ‘सगळं संगीत माझं’ असं लिहू नका. शब्द, चाल आणि आवाज माझा, असं नेमकं लिहा. त्याच्या चॅनलवरचा व्हिडिओ काढायची विनंती मात्र कोर्टात जायची तयारी असेल तरच करा. त्यानं प्रतिदावा केला, तर तुम्हाला १० कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येतो.

चॅट डिलीट करू नका आणि फोनही विकू नका. व्हॉइस नोटसह चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. कोर्टात हे सारं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह द्यावं लागतं.

उरलेले १०,००० हे तुमचं हत्यार आहे. ते फाइल आणि सही एकाच वेळी मिळाली तरच द्या. हक्क तुमच्या नावे करण्याच्या या कागदात गाण्याचं नाव, कोणते हक्क, किती पैसे हे लिहाच. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर’ असं लिहून घ्या. एका वर्षात हक्क वापरला नाही तर हस्तांतरण रद्द धरलं जातं, तेव्हा हे कलम लागू नाही असंही टाका. ‘रॉयल्टीवर पाणी सोडतो’ हे वाक्य मात्र घालू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला तसं पाणी सोडताच येत नाही, आणि ते तुमच्याही फायद्याचं आहे. श्रेय असं ठरवा: गीत-संगीत तुमचं, संगीत संयोजन त्याचं. एवढा मान त्याला द्यायला हरकत नसावी.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून कामी येते. गीत आणि चालीला प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,०००. अर्जानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं, म्हणजे नवरात्रापूर्वी काही हाती येणार नाही.

बोलणं फिसकटलं तर स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह नोटीस पाठवा. दाव्यासाठी त्याच्या गावी जायला नको; कलम ६२ मुळे तुमच्याच जिल्ह्यात, म्हणजे लातूरच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. तोवर ‘आत टाकतो’ असले मेसेज पाठवू नका. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कलम ६० खाली तोच कोर्टात जाऊ शकतो.