गळा बेताचा असेल तर संगीतशास्त्राचा प्राध्यापक होता येतं का? आणि त्यात संशोधन ते काय करायचं?

येतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात हाच विषय शिकवतो आणि माझा गळा गणेशोत्सवात आरतीला चालतो, एवढाच. कान मात्र पक्का लागतो.

नोकरीचं आधी उरकतो. एम.ए., मग नेट, मग बरीच वर्षं तासिका तत्त्वावर. मानधन कधी जमा होईल ते कापसाच्या भावासारखं, कुणी सांगू शकत नाही.

शिकवण्यात मजा आहे. भूप आणि देसकार हे दोन राग घ्या. दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. भूप गंधारावर (ग) रमतो, देसकार धैवतावर (ध). पंडित भातखंड्यांनी राग स्वरांनुसार दहा गटांत, म्हणजे थाटांत, वाटले; त्यांत भूप कल्याणात बसतो, देसकार बिलावलात. या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा (म), आणि मध्यम तर दोन्ही रागांत नाहीच! मग ठरवलं कसं? हा प्रश्न ज्या पोराला आपणहून पडला, तो माझ्या लेखी पास.

संशोधनाचा विषय मी भुलाबाईची गाणी घेतला, म्हणजे आमच्याकडे भुलाबाईच्या सणात मुली-बायका म्हणतात ती लोकगीतं. पहिलं वर्ष अक्षरशः मातीत घातलं. गावोगाव पेटी घेऊन जायचो, बायका गायच्या, मी जवळची पट्टी दाबून नोटेशन लिहायचो. शेवटी एक आजी वैतागून म्हणाली, “पेटी थांबवा बाप्पा, माह्या गाण्याले ते जमत नाही.”

खरंच होतं. पेटीचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले. सुरांतलं अंतर सेंट या एककात मोजतात; सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तिचा कोमल गंधार ३०० वर, शुद्ध ४०० वर. तानपुऱ्याच्या खर्जातून आपसूक निघणारा गंधार ३८६ च्या आसपास, तोही पेटीत नाही. आजीचं रेकॉर्डिंग ‘प्राट’ या आवाजाचा सूर मोजणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, तर तिचा गंधार ३५० च्या जवळ. बेसूर म्हणावं, तर सूर दर कडव्याला वेगळीकडे पडायला हवा होता. तो प्रत्येक वेळी तिथेच. वहीत मात्र मी सगळीकडे शुद्ध ग लिहून मोकळा झालो होतो. दोनशे पानांची वही पुन्हा केली.

आता पेटी घरी आणि रेकॉर्डर खिशात. गाणी संपली की डबा हलवून खिरापत ओळखायला लावतात, त्यात मात्र माझा कान अजून एकदाही चाललेला नाही.