घंटा वाजली असती का?

प्रश्न : टायटॅनिकच्या वेळी रडार असतं, तर हिमनग आधीच कळला असता का?

उत्तर : रडारची सुरुवात तोवर झाली होती! १९०४ च्या मे महिन्यात ख्रिस्टियान ह्युल्समेयर या जर्मन तरुणाने कोलोनला ऱ्हाइन नदीवरच्या बोटी रेडिओलहरींनी ओळखून दाखवल्या. बोट टप्प्यात आली की घंटा वाजायची. पल्ला सुमारे ३ किलोमीटर. पण जहाज कंपन्यांनी ते यंत्र घेतलं नाही. ही गोष्ट मला आजही जिवाला लागते.

मात्र लोखंडावरून लहरी जशा परततात, तशा बर्फावरून परतत नाहीत. मी जहाजावर अधिकारी असताना कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ एका रात्री रडारचा पडदा लाटांच्या ठिपक्यांनी गच्च भरला होता. खोलीएवढा बर्फाचा तुकडा आम्हाला दिसला तो दुर्बिणीतून, अगदी जवळ आल्यावर.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री समुद्र शांत होता, हिमनगही मोठा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रडारवर तो दिसला असता, असं मी म्हणेन. ह्युल्समेयरच्या घंटेची खात्री देणार नाही. १९५९ साली ‘हान्स हेडटॉफ्ट’ ही डॅनिश बोट पहिल्याच सफरीत परतताना ग्रीनलंडजवळ हिमनगावर आदळली. तिच्यावर रडार होतं. ९५ माणसं होती. एकही वाचलं नाही.