एफडी मोडा, पण एसीसाठी नको

मुलुंडच्या एका ताईंचं पत्र आहे. वीजबिल महिन्याला सरासरी 5,600. रविवारी एक कंपनी 'मोफत एनर्जी ऑडिट'ला घरी येणार. दोन एसी, चार पंखे आणि एक 'पॉवर सेव्हर' असं 2.4 लाखांचं पॅकेज फोनवरच सांगून झालंय, बिल म्हणे निम्म्यावर येईल. त्यासाठी 3 लाखांची एफडी मोडू का? शेवटच्या ओळीत आणखी एक: क्रेडिट कार्डाचे 1.6 लाख बाकी आहेत, पण 'मिनिमम ड्यू'चे, म्हणजे महिन्याला किमान भरावे लागणारे, 8,000 वेळेवर भरते.

ताई, घर पोखरतेय ती ही शेवटची ओळ. कार्डाचं व्याज महिना साधारण साडेतीन टक्के. 1.6 लाखांवर 5,600, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 6,600. अख्ख्या वीजबिलाहून जास्त! तुमच्या 8,000 मधून मुद्दल उतरतं जेमतेम 1,400. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नाही. आज कार्ड वापरलं की आजपासून व्याज. वेळेवर भरून लेट फी वाचते, व्याज नाही. उलट एफडी 7 टक्क्यांची धरली तरी तेवढ्याच रकमेवर महिन्याला साडेनऊशेही देत नाही. ती मोडा, दंड सोसा आणि कार्ड याच आठवड्यात शून्यावर आणा. उरलेल्या 1.4 लाखांना अडीअडचणीशिवाय हात लावू नका.

आता पॅकेज. बिल खरंच निम्मं झालं तरी वाचणार 2,800. वसुलीला सात वर्षं. पॉवर सेव्हरने तर एक पैसा वाचत नाही. तो पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते ते प्रमाण) सुधारतो, पण घरगुती बिल येतं युनिटवर. हे घरोघरी खपवतात याचा मला संताप येतो. पंख्यांचं गणित मात्र चोख आहे: जुना 75 वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 चा. रोज 12 तास चालला तर महिन्याला 16 युनिट वाचतात, 10 रुपये दराने 160. तीन हजारांचा पंखा पावणेदोन वर्षांच्या आत फिटतो. पगारातून एकेक घ्या.

रविवारी त्यांना येऊ द्या. नीट तपासणारा आधी वर्षभराची बिलं मागतो, क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) एसी, गीझर, फ्रिज किती वीज ओढतात ते मोजतो, फ्रिजच्या दाराचं रबर आणि एसीचा फिल्टर बघतो, कुठल्या बदलाने किती युनिट वाचतील ते लेखी देतो. तास-दीड तास सहज जातो. फिल्टर धुवा, एसी 24 वर ठेवा, हे फुकटचे उपाय तो आधी सांगतो. पंधरा मिनिटांत कोटेशन पुढे आलं तर चहा देऊन निरोप द्या. 'नो-कॉस्ट ईएमआय' म्हणाले तरी कार्ड बाहेर काढू नका.